वारा सगळ्यांना सारखा नसतो

संध्याकाळी साडेसातला घरी पोचले, आंघोळ केली, दोन घास जेवले आणि मोबाइल हातात घेतला, तर आमच्या सायकल ग्रुपवर एक वाक्य येऊन पडलं होतं. "वारा सगळ्यांनाच सारखा होता." खाली नऊ अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, तीनदा पुसलं. तिथे तोंडातोंडी नको म्हणून इथे लिहितेय.

वारा सगळ्यांना सारखा नव्हता. मी तिथे होते.

मडगाव ते कारवार आणि परत, सुमारे १४० किलोमीटर. पहाटे पाचला नावेलीहून अकरा जण निघालो. सकाळचं सगळं छान होतं. करमल घाटात कुडकुडलो, पोळेच्या चेकनाक्यावर चहा घेतला, सदाशिवगडाच्या पायथ्याने काळी नदीवर आलो. जुना पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदीत कोसळला, तेव्हापासून उरलेल्या पुलावर दोन्हीकडची वाहनं असतात, म्हणून तिथे एकामागोमाग एक, शिस्तीत गेलो. कारवारला इडली-वडा, फोटो. फोटोत अकराच्या अकरा आहेत, मोजून बघा.

परतताना वारा फिरला. मी दरवर्षी वर्गात फळ्यावर हेच काढते. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, दिवसा जमीन तापली की समुद्राकडून आत खारे वारे. मुलं पाठ करतात, दोन मार्क मिळवतात. आपल्याकडे या दिवसांत दुपारी तो वारा वायव्येकडून येतो आणि कारवारहून मडगावला यायचं म्हणजे तोंड उत्तरेला. म्हणजे तो समोरून आणि डाव्या गालावर. आज तर असा सुटला होता की लोलयेच्या पठारावर उतार असूनही पेडल मारावं लागत होतं. सायकल वीसच्या वेगाने आणि वाराही समोरून वीसचाच असेल, तर छातीवर चाळीसचा वारा येतो आणि हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून तर आपण एकमेकांच्या मागे चालतो. पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतर ठेवलं की एक तृतीयांश तरी कष्ट वाचतात.

पण वारा तिरका असला की आडोसा सरळ मागे पडत नाही. डावीकडून वारा म्हणजे आडोसा मागे आणि उजवीकडे. उजवीकडे काय असतं? ट्रक. आज पुढचे चौघे तिरकी रांग करून अर्धी लेन व्यापून चालले होते. त्यांच्या मागच्यांना डाव्या कडेची पांढरी पट्टी सोडता येत नव्हती. शेवटच्याला आडोसा शून्य. एकदा दहा मीटरची फट पडली की ती भरायला त्याने पुढच्यांपेक्षा जोरात मारायचं, आणि तेही उघड्यावर, एकट्याने. आता सांगा, कुठे होता वारा सारखा?

काणकोणच्या चावडी गावात चहाच्या टपरीवर थांबलो आणि कुणीतरी दहा कप सांगितले. मी म्हटलं अकरा. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नवा मुलगा नव्हता. एकोणीस वर्षांचा, मामाची सायकल घेऊन आलेला, शंभरच्या वरची पहिलीच राइड. "येईल हळूहळू," कुणीतरी म्हणालं. फोन लागत नव्हता. पाच मिनिटं थांबले, मग सायकल वळवली. तळपणचा पूल झाला, गालजीबागचा पूल झाला. जाताना वारा पाठीवर, पंधरा मिनिटांत पोचले. पुलाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला बसला होता. उजव्या पोटरीत गोळा आलेला, बाटली रिकामी, ओठ पांढरे. मला बघून उठायला गेला. "टीचर, मी हात केला होता," म्हणाला. "हाक पण मारली."

ते ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण मी स्वतः पाचवी होते. समोरच्याच्या चाकावर डोळे लावून, मान खाली घालून चालले होते. हाक ऐकू आली नाही, हे खरं आहे. समोरून वारा असला की मागच्याची हाक पुढे पोचतच नाही. पण मग वळून बघायला नको? ते मी केलं नाही. हे मला स्वतःलाच लागलंय, आणि म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं.

ज्यांनी माझ्याबरोबर सायकल चालवलीय त्यांना पोदेराची, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याची, गोष्ट ठाऊक आहे. तरी सांगते.

२०१७ चा फेब्रुवारी. माझी पहिली लांबची राइड, दुसऱ्याच एका ग्रुपबरोबर. काणकोणहून आगोंद, खोला, काब द राम करत बेतूलला उतरायचं आणि मडगाव गाठायचं. चढ-उतारांनी मी आधीच संपले होते. बेतूलला पोचले तेव्हा पुढे कुणी नव्हतं. असोळण्याच्या मोकळ्या शेतात आले आणि वाऱ्याने अक्षरशः थोबाडीत मारली. सगळ्यात हलका गिअर, वेग आठ-नऊ. एका क्षणी पाय टेकले आणि रडायला लागले. चाळिशीला आलेली बाई, भर रस्त्यात, हेल्मेट घालून रडत होते.

मागून पों पों वाजलं. संध्याकाळच्या फेरीवर निघालेला पोदेर. साठीचे असतील. जड काळी सायकल, मागे तो मोठा पांटलो, म्हणजे पावांची टोपली, वर निळं प्लास्टिक दोरीने बांधलेलं, वाऱ्याने फडफडणारं. थांबले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "खंय वता गो बाय?" मी म्हटलं मडगाव. त्यांनी समोर शेताकडे बघितलं, वाऱ्याकडेच बघितलं म्हणा ना, आणि म्हणाले, "म्हज्या फाटल्यान राव. वारें म्हाका लागूं दी."

माझ्या मागे राहा, वारा मला लागू दे. कुणी कोच नाही, कुणी कॅप्टन नाही. पाव विकणारा माणूस. ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या आडोशाला चालणं, हा शब्द त्यांनी ऐकलाही नसेल. पांटल्याच्या मागे गेले आणि वारा थांबला. आजही अंगावर काटा येतो. कानातला घोंगावणारा आवाज बंद झाला आणि ताज्या पोयांचा, म्हणजे पावांचा, वास आला.

आता दुसरी बाजू. मला माहीत आहे कोण काय म्हणणार आहे. प्रत्येकाने आपली तयारी करून यावं. मान्य. त्या मुलाने एकच बाटली आणली होती, मीठ-साखर काही नव्हतं, हेही मान्य. सगळ्यांनी शेवटच्याच्या वेगाने चालायचं ठरवलं तर भर दुपारी सगळेच भाजून निघतील, बरं, तेही मान्य. पण दहातल्या दोघांनी मागे राहायला काय हरकत होती? दोघं पुरले असते.

आणि ब्रेव्हेचे, म्हणजे लांब अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या राइडचे, दाखले मला देऊ नका. २०० किलोमीटरची ब्रेव्हे मीही केलीय, साडेतेरा तासांच्या आत. तिथे सोबतीला गाडी नसते, पंक्चर आपणच काढायचं, ज्याचं त्याने बघायचं, सगळं खरं. तरी तिथेसुद्धा सोबतच्या रायडरच्या आडोशाला चालायला कुणी मनाई करत नाही. २०१९ पासून पणजीत आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत होते, त्यात ९० किलोमीटर सायकल असते आणि ड्राफ्टिंगला बंदी असते. आमच्यातल्या काहींनी ती केली, मनापासून कौतुक आहे. पण ती सवय रविवारच्या राइडला कशाला आणायची? टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीतसुद्धा आठ जणांच्या टीममधले बरेचसे दिवसभर वारा अंगावर घेतात आणि एकाला जपून पुढे नेतात. तिथे एकाला जिंकवायचं असतं म्हणून. आपल्याला कुणाला जिंकवायचंय? आपल्याला अकरा जणांनी घरी जायचंय.

हे लिहिताना जरा थांबले. पाणी प्यायले.

ते वाक्य लिहिणारा माणूस वाईट नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मोल्याला माझी चेन तुटली तेव्हा भर पावसात गुडघ्यावर बसून त्यानेच ती जोडून दिली होती. तासभर. मी विसरलेले नाही. मग तोच माणूस असं कसं लिहितो? मला वाटतं पुढे चालणाऱ्याला खरोखरच कळत नाही. चांगल्या पायांना मागचं दिसत नाही. तो चौघांत पाळीपाळीने पुढे येत होता, त्याच्या वाट्याला वारा दोन-दोन मिनिटं आला, त्यानेही तो सोसलाच. त्याला वाटलं सगळ्यांना तेवढाच आला. पण त्या मुलाला तो पाऊण तास सलग, एकट्याला आला.

आणि नऊ अंगठे? त्यातले सहा तर आज तिथे होते. दहा कप चहा पिऊन स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अ‍ॅपवर फोटो टाकलेले. त्यांचं मला समजत नाही, समजून घ्यायचीही इच्छा नाही. एकोणीस वर्षांचं पोर हायवेच्या कडेला पाण्यावाचून बसलंय आणि आपण कुणाचा सरासरी वेग किती ते बघतोय. लाज वाटायला हवी.

मुलाची पोटरी चोळून दिली, माझ्या बाटलीतलं पाणी दिलं, खजूर दिले. मग त्याला म्हटलं, माझ्या मागे राहा, उजव्या बाजूला थोडा, चाकाला चाक लावू नकोस, आणि घंटी वाजवत राहा. तो बघत राहिला. घंटी कशाला?

कारण असोळण्याला पोदेराने मला तेच सांगितलं होतं. "घांट वाजयत राव." तेव्हा माझ्या सायकलला पितळी घंटी होती. हातभर अंतरावरून ती वाऱ्यातही ऐकू येते. दर थोड्या वेळाने मी ट्रिंग करायची, पुढून पों यायचं. एकदा माझी घंटी चुकली, दम लागला होता, हात उचलेना. लगेच पांटल्याचा वेग कमी झाला. मान वळवून बघावं लागलं नाही त्यांना. घंटी नाही म्हणजे बाई मागे राहिली, इतकं साधं. तीन-चार किलोमीटर आम्ही असे गेलो, ट्रिंग आणि पों. वाटेत दोन घरांच्या फाटकांत बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी "येतां, येतां" म्हणून हात केला आणि थांबले नाहीत. गिऱ्हाईक सोडलं, मला नाही सोडलं.

आज त्या मुलाने घंटी वाजवली. जाताना पंधरा मिनिटं लागलेलं अंतर परतताना पन्नास मिनिटांत झालं. तळपणच्या पुलावर वाऱ्याने माझं पुढचं चाक दोनदा सरकवलं, एकदा तर कठड्याकडे. पायांत आग होत होती. पण मागे ट्रिंग वाजत होतं. चावडीला पोचलो तर टपरीवर आमचं कुणी नव्हतं. चहावाल्याने दोन कप दिले. पुढे करमल घाटात झाडी असल्यामुळे वारा अडला, चढ असूनही बरं वाटलं, तिथे तो पहिल्यांदा बोलायला लागला. बाळ्ळीपासून तर तोच पुढे झाला. सात वाजता मडगाव.

ग्रुपवर उद्या मी एवढंच लिहिणार आहे की पुढच्या रविवारपासून चहाचे कप सांगायच्या आधी माणसं मोजा, आणि वारा असेल तर सगळ्यात दमदार दोघं सगळ्यात मागे. पटत असेल तर अंगठा द्या, नसेल तर मला फोन करा. मी सांगेन कुठे बसला होता तो.

आणि एक विनंती. चिंचिणीच्या अलीकडे एका वळणावर पोदेर थांबले होते. निळं प्लास्टिक बाजूला करून पांटल्यातून दोन कांकणं, म्हणजे बांगडीसारखे गोल पाव, काढली, एक माझ्या हातात दिलं, एक हॅण्डलला अडकवलं. पैसे घेतले नाहीत. मी नाव विचारलं नाही, इतकी दमले होते, आणि नंतर दोनदा शोधायला गेले तर भेटले नाहीत. २०१७ ला साठीचे होते. उंच, सडपातळ, डाव्या भुवईवर जुना व्रण, हॅण्डलला काळा रबरी हॉर्न, संध्याकाळची फेरी असोळण्याहून चिंचिणीकडे. असोळणा, वेळ्ळी, चिंचिणी, त्या बाजूचे कुणी हे वाचत असाल आणि ते कुणाच्या ओळखीचे असतील तर मला कळवा. घरी किंवा भट्टीवर, जिथे असतील तिथे मी येते.