पॅनल, पाट्या आणि गुरुजींचा एक फोन

गावच्या जिल्हा परिषद शाळेला काहीतरी द्यायचं म्हणून आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. पैसे जमले आणि तोवर टिकलेला एकोपा तिथंच संपला. द्यायचं काय, यावर बार्शीत चहाच्या गाड्यापाशी जी जुंपली ती दिवे लागेपर्यंत चालली.

पम्या कोटेशन घेऊनच आला होता. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं काय असणार हे त्यानं गाडी स्टँडला लावायच्या आतच कळलं होतं. पासष्ट इंची इंटरॲक्टिव्ह पॅनल, बोटानं लिहिता येतं, आत पहिली ते दहावीचा अभ्यासक्रम भरलेला.

"शाळा सातवीपर्यंत आहे," अण्णा म्हणाले. "वरच्या तीन इयत्ता कुणाला दाखवणार, सरपंचाला?" अण्णा हायस्कूलला गणित शिकवून रिटायर झालेले. आमच्यापैकी निम्म्यांना त्यांच्याकडून फुटपट्टी मिळालेली आहे.

"अण्णा, चेष्टा करू नका. परितेवाडी इथून किती लांब आहे? माढा तालुका. तिथल्या झेडपीच्या डिसले गुरुजींना २०२० ला दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. कशामुळं? टेक्नॉलॉजीमुळं."

"पुस्तकांवर लावलेल्या क्यूआर कोडमुळं. आणि कागदावर चौकोन छापायला किती खर्च येतो? कोडच्या मागं जे होतं ते त्या माणसानं स्वतः बसून केलं होतं. बक्षिसातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ जणांना वाटली, तेही सांग की."

हे मला पटलं. आता बालभारतीच्या पुस्तकांवरही क्यूआर कोड असतात, स्कॅन केला की दीक्षा ॲप उघडतं. पण लॉकडाऊनचे दिवस सोडले तर आपण होऊन तो कोड स्कॅन करणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही.

शैला शाळा सुटल्यावर घरी जाताना दहा मिनिटं थांबते आणि त्या दहा मिनिटांचा तास होतो. ती विज्ञान शिकवते, वाचतेही भरपूर. ती म्हणाली, "पम्या, कर्जतजवळचं खैराट ऐकलंयस? २००७ साली तिथल्या छोट्या शाळेत पोरांना एकेक लॅपटॉप दिला होता. निकोलस नेग्रोपॉन्टेंची ती शंभर डॉलरच्या लॅपटॉपची योजना. भारतातला पहिला प्रयोग आपल्या रायगडात झाला. पुढं पेरू देशानं तेच लॅपटॉप लाखांनी वाटले. मग तिथल्या ३१९ खेडेगावच्या शाळा तपासल्या. २०१२ चा अहवाल आहे. गणितात आणि वाचनात फरक शून्य."

"म्हणजे काहीच नको? पाटी-पेन्सिलच घेऊन बसायचं?"

"मी कुठं तसं म्हणाले? दिल्लीत उलटं घडलं. सहावी ते नववीची मुलं, शाळा सुटल्यावर केंद्रात यायची. पंचेचाळीस मिनिटं कॉम्प्युटरवर, पंचेचाळीस मिनिटं शिकवणाऱ्या माणसाबरोबर. चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुलं आणि चिठ्ठीत नंबर न लागलेली मुलं, अशी तुलना केली. साडेचार महिन्यांत निवडलेल्या मुलांची गणितातली प्रगती साधारण दुप्पट. कारण सॉफ्टवेअर आठवीतल्या पोराला आठवीचं गणित देत नव्हतं. तो पाचवीत अडकला असेल तर पाचवीचं द्यायचं. वर्गात आपल्याला ते जमत नाही, पाठ्यपुस्तक संपवायचं असतं."

"मग पॅनलवर हेच होईल."

"पॅनल एक. पोरं अडतीस. कुणाच्या पातळीचं लावणार?"

पम्या चहा प्यायला लागला. तेवढ्यात गुरुजी आले. आमच्या शाळेवर सध्या तेच आहेत, मूळचे लातूरकडचे, वयानं आमच्याहून लहान. शाळेला काय हवं हे त्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं. वर्गणीच्या कामात हे असंच होतं.

"टीव्ही आहे की शाळेत," गुरुजी म्हणाले. "मागच्या वर्गणीतनं आलेला. त्यावर कापड घातलंय. वीजबिल थकलं की लाइट जाते, आणि रिमोट कपाटात असतो, कारण हरवला तर भरून कोण देणार? पॅनल आला तर कापड मोठं घ्यावं लागेल एवढंच."

मग त्यांनी पिशवीतून कार्डं काढली. पांढऱ्या जाड कागदावर काळे वेडेवाकडे ठोकळे, प्रत्येकाचा आकार वेगळा, चार कडांना ए, बी, सी, डी. प्लिकर्स म्हणतात त्याला. फळ्यावर प्रश्न लिहायचा, चार पर्याय द्यायचे. मुलानं आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. गुरुजी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचं बरोबर, कुणाचं चूक हे फोनवर दिसतं. मुलांकडे फोन लागत नाही. शेजाऱ्याचं बघून फायदा नाही, कारण दोघांची कार्डं वेगळी.

"पाचवीला विचारलं, एक तृतीयांश मोठं की एक चतुर्थांश? वर्गात सगळे 'हो सर, कळलं सर' म्हणत होते. कार्डं वर आली तर निम्म्या वर्गाचं उत्तर एक चतुर्थांश. चार तीनपेक्षा मोठा ना! मग भाकरी आणली आणि परत शिकवलं."

अण्णांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे मी पाट्यांवर करायचो. 'पाट्या वर' म्हटलं की सगळा वर्ग दिसायचा."

"दिसायचा, अण्णा. पण मागच्या बाकावरची पाटी वाचता यायची का? आणि परवा कुणाचं चुकलं होतं हे आज कसं आठवणार?"

"मला आठवायचं," अण्णा म्हणाले. आणि खरंच आठवत असणार, कारण माझी दशांश अपूर्णांकातली चूक त्यांनी त्याच बैठकीत काढली.

शैलाला कार्डं आवडली. तिनं तिचंही सांगितलं. कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे स्क्रीनवरचे प्रयोग फुकट मिळतात, बरेचसे मराठीत आहेत, डाउनलोड करून ठेवले की नेट लागत नाही. पण तीही सरसकट वापरत नाही. सेल, बल्ब आणि वायर दुकानात मिळतात, तिथं मुलांच्या हातात खरी वायरच हवी. वायरीतून वाहणारे इलेक्ट्रॉन मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, तेवढ्यापुरता स्क्रीन. माझ्या मते हा भेद शिक्षकाला करता येतो, कोटेशन देणाऱ्याला येत नाही.

पम्यानं शेवटचा पत्ता काढला. "मुलांना मोबाइल येतोच की."

"येतो. असर म्हणून गावोगाव मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात गावाकडच्या चौदा ते सोळा वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता," शैला म्हणाली. "त्यांतली आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के."

"बरं गुरुजी, तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "या पैशात काय देऊ?"

ते थोडे अवघडले. "रागवू नका. इन्व्हर्टर द्या, कार्डांच्या लॅमिनेशनचे पैसे द्या. उरलेल्या पैशात वर्षभर आठवड्याचे तीन दिवस कुणीतरी माणूस द्या. पोषण आहाराची माहिती रोज ॲपवर, हजेरी ऑनलाइन, चाचणीचे गुण ऑनलाइन, युडायसवर शाळेची माहिती भरायची ती वेगळीच. आधारवर पोराचं नाव एक आणि दाखल्यावर दुसरं असलं की ते जुळेपर्यंत जीव जातो, आणि नाही जुळलं तर संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, पोर धरत नाहीत. माझा फोन शाळेसाठी दिवसभर चालतो. त्यातली वीस मिनिटं वर्गात चालला तरी खूप."

"मुलांचे आधार नंबर बाहेरच्या माणसाच्या हातात?" शैलानं लगेच पकडलं. गुरुजींकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नाही.

पम्याला अडचण वेगळीच वाटत होती. "आणि फलकावर काय लिहायचं? 'माहिती भरणारा माणूस, माजी विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट'?"

सगळे हसले, पण वर्गणी देणारी निम्मी माणसं फलकासाठीच देतात हे सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या तिथं पम्यानं ग्रुपवर पोल टाकला. पॅनल, की इन्व्हर्टर आणि माणूस. पुण्या-मुंबईची मंडळी तत्पर, चहाचे पैसे देईपर्यंत पॅनलला एकोणीस मतं पडली होती. दुसऱ्या पर्यायाला चार, म्हणजे कट्ट्यावर बसलेले आम्हीच. रविवारी शाळेत बैठक आहे. गुरुजींनी सगळ्यांनाच या म्हणून सांगितलंय, पुणेकरांनाही, आणि येताना दुपारी लाइट नसेल असं धरून या, असंही.