ऊन वाढलं म्हणजे वाइन सुधारली?

वाढत्या उन्हाने जर्मन वाइन सुधारली, असं सांगणारा लेख वाचला. त्यातलं "जितकं ऊन जास्त, तितकी जर्मन वाइन चांगली" हे वाक्य काही पटलं नाही. रीसलिंग या जर्मनीच्या नावाजलेल्या पांढऱ्या वाइनचा जीव तिच्या आंबटपणात असतो. २००३ च्या कडक उन्हाळ्यात साखर चढली, पण आंबटपणा इतका उतरला की बाहेरून आम्ल घालायला खास परवानगी द्यावी लागली.

मी जर्मनीतल्या माइन्त्स शहराजवळ राहते. जुलै २०१९ मध्ये पारा चाळिशीला टेकला, तेव्हा दुपारचं ऊन झेलणाऱ्या पश्चिमेकडच्या द्राक्षघडांचे मणी तपकिरी, सुरकुतलेले. त्याच वेलीवर पानाआडचे मात्र हिरवेगार! आणि आइसवाइनचं, म्हणजे गोठलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनचं काय? तिच्यासाठी द्राक्षं वेलीवरच उणे सात अंशांत गोठावी लागतात. २०१९ च्या हंगामात पुरेशी थंडीच न पडल्याने जर्मनीच्या तेराही वाइन-प्रदेशांत ती झालीच नाही. लेखात तिचा उल्लेखसुद्धा नाही.