किती मॉक झाल्या, हे विचारू नका

प्रवेश परीक्षा जवळ आली की मुलं एकमेकांना विचारतात, "किती मॉक (सराव परीक्षा) झाल्या?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. रोज एक पेपर सोडवायचा, स्कोअर बघून खूश किंवा नाराज व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर उघडायचा, याला मी तयारी म्हणणार नाही.

जितका वेळ पेपर सोडवायला लागला, निदान तितका तरी तो तपासायला द्या. आणि उत्तरं बघून "अरे, हे तर येत होतं!" म्हणणं म्हणजे तपासणं नव्हे. चुकलेला प्रश्न उत्तर न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. आता सुटला तर अडचण वेळेची किंवा घाईची. तरीही अडलात तर तो धडाच कच्चा आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. 'सिली मिस्टेक' म्हणून तर एकही चूक सोडून देऊ नका. चिन्ह चुकलं, प्रश्नातला 'नाही' वाचायचा राहिला, जे काय झालं ते नेमकं वहीत लिहा. काही पेपरांनंतर त्याच त्या चुका पुन्हा दिसायला लागतात. अंदाजाने बरोबर आलेली उत्तरंही तपासा, त्यासाठी सोडवतानाच खूण करून ठेवा. हे बहुतेक जण करतच नाहीत.

मॉकचं महत्त्व मी कमी करत नाहीये. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आठवायला लागणारे कष्टच उपयोगी पडतात.

पेपर शक्यतो परीक्षा घेणाऱ्या संस्थेचेच घ्या. सॅटमध्ये (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) प्रत्येक विषयाचा पहिला भाग कसा गेला यावर त्याच विषयाच्या दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. हा अनुभव छापील पेपरवर मिळत नाही, सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर मिळतो. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) सुमारे दोन तासांवर आली, त्यामुळे जुन्या पुस्तकातल्या पूर्ण पेपरवरून वेळेचा अंदाज बांधू नका. हे अधिकृत पेपर मोजकेच असतात, सुरुवातीलाच संपवू नका. नकारात्मक गुणांचा नियमही आधीच बघा: सॅटमध्ये ते नाहीत, म्हणून तिथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे नुकसानच.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पूर्ण पेपर देऊ नका. तो नीट तपासायला वेळच उरत नाही. त्या दिवशी फक्त चुकांची वही वाचा.