शून्य चिकटवायला शिकवणं बंद करा

आज परत तेच. पाचवीच्या वर्गात फळ्यावर ४० × ५ लिहिलं. २६ पैकी ९ लेकरांच्या वहीत उत्तर आलं २०. पहिल्या बाकावरच्या पोरीला विचारलं, हे कसं गं? ती ताठ मानेनं म्हणाली, "चार पंचे वीस. शून्य आलंय की मॅडम."

तिचं काय चुकलं? तिला सांगितलंय की शून्य झाकायचं, गुणायचं, उत्तराच्या शेवटी शून्य आलं पाहिजे. वीसच्या शेवटी शून्य आहेच. दिलेला नियम तिनं इमानदारीनं पाळला. तो नियमच सडका आहे, आणि तो तिच्या डोक्यात भरणाऱ्यांवर माझा राग आहे. मग ते खालच्या वर्गातले आमचेच गुरुजी असोत, तालुक्याची ट्यूशन असो, नाहीतर मोबाइलवर पाच सेकंदात गुणाकार करून दाखवणारे असोत.

त्याच पोरीला मी वही मिटायला लावली. विचारलं, "तुझी आई रोज चाळीस किलो कापूस वेचती. पाच दिवसांत किती?" डोळ्याचं पातं लवायच्या आत, "दोनशे." आणि न विचारता पुढचंही सांगितलं, "दहा रुपये किलोनं दोन हजार आले, पाचशे उचलीत कापले." गेवराई तालुक्यातलं लेकरू आहे ते. संध्याकाळी काट्यापाशी आईच्या शेजारी उभं राहून ते हिशोब करतं. त्याला गुणाकार येतो हो! आपण कागदावर त्याचा सत्यानाश केलाय.

पहिलीत आपणच शिकवतो की संख्येत शून्य मिळवलं तर संख्या बदलत नाही. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये हे लिहून ठेवलंय. आणि तिसरीत तोच मास्तर सांगतो, शून्य लाव की संख्या दहापट. लेकरानं कुठलं खरं मानायचं? ४ चे ४० होतात ते शेपूट चिकटवल्यानं होत नाहीत. चार एककाच्या घरातून उठून दशकाच्या घरात जातो आणि रिकाम्या झालेल्या घरावर शून्य राखण बसतं. एवढं सांगायला किती वेळ लागतो? खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा, रबर लावा. चार जुड्यांचे पाच ढीग. जुड्या किती? वीस. वीस दशक. आता एकच प्रश्न राहिला, वीस दशक म्हणजे किती? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. सगळी गोम तिथं आहे आणि आपण नेमकी तिथंच उडी मारून पुढं पळतो.

मग ४० × ३० आलं की तारांबळ. कुणी १२० लिहितो, कुणी १२०००. एक शून्य का दोन, का तीन? हे पाठ करून कसं राहील? दशकाला दशकानं गुणलं की शतक होतं, कारण दहा जुड्यांचा एक मोठा भारा शंभराचा. चार दशक गुणिले तीन दशक, बारा शतक, बाराशे. ज्यानं तो भारा एकदा हातानं बांधलाय तो १२० लिहितच नाही.

पुढचं तर बघवत नाही. ३४ × २६. वरची ओळ २०४, बरोबर. खालच्या ओळीत काही लेकरं फुली मारतात, काही शून्य देतात, काही विसरतात. विसरलेल्यांची बेरीज २०४ आणि ६८, म्हणजे २७२. अरे, ३४ दाहेच ३४० होतात, मग सव्वीस पटीचे २७२ कसे? पण ही शंका मनात यायला २६ मधला तो २ म्हणजे वीस आहे हे माहीत असावं लागतं. फुली मारणाऱ्याला विचारलं, फुली कशाची? "तिथं मारायचीच असती मॅडम." झालं. ३४ × २० = ६८० ही ओळ त्यानं आयुष्यात पाहिलेलीच नाही. ती दिसली असती तर ८८४ आपोआप आलं असतं.

आणि दशांश अपूर्णांक आले की २.५ × १० = २.५०! शून्य चिकटवलं ना. माझ्या आजोबांची शाळा चौथीत सुटली, पण अडीचकी तोंडपाठ होती. अडीच दाहे पंचवीस. त्यांना कुणी २.५० म्हणून फसवू शकलं नसतं.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तर केवढा गदारोळ! विधानसभेपर्यंत गाजलं. त्यातलं 'वीस' म्हणजे दोन दशक, हे लेकराला कळतंय का, यावर मात्र कुणी आवाज चढवला नाही. माझ्या वर्गातली सहा लेकरं दिवाळीनंतर आईबापाच्या कोयत्यामागं ऊसतोडीला, कारखान्याला जातात. ती परत येतात तेव्हा आपल्याकडं त्यांच्यासाठी काय असतं? वेळ नाही म्हणून पुन्हा तीच चिकटवाचिकटवी. ज्यांना सगळ्यात जास्त समजावून सांगायला पाहिजे, त्यांनाच सगळ्यात फुटका माल.

संध्याकाळी एका पालकाचा फोन आला. "मॅडम, दोन दिवस झाले, नुसत्या काड्या मोजायला लावता म्हणे. ट्यूशनचे सर एका मिनिटात शिकवतात." मी म्हटलं, भाऊ, तुम्हीच सांगा, वीस दशक म्हणजे किती? जरा थांबून म्हणाले, "वीसच की."

उद्याही काड्याच मोजणार आहे. परवाही. ट्यूशनच्या सरांना सांगा.