ताम्रसृती म्हणजे धुळीने आलेला लालपणा नव्हे

मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला हा फॉरवर्ड आता तिसऱ्यांदा फिरतोय. म्हणणं असं: दूरच्या दीर्घिका लाल दिसतात त्या मधल्या धुळीमुळे, विश्वाचं प्रसरण आणि त्याने प्रकाशलहरी ताणून येणारी ताम्रसृती (रेडशिफ्ट) ही थाप, सुपरनोव्हाही (ताऱ्यांचे स्फोट, ज्यांच्या तेजावरून अंतर काढतात) धुळीनेच फिके पडतात, आणि एवढी धूळ असताना वेब दुर्बिणीचे फोटो खरे कसे?

पहिला मुद्दा सगळ्यात हास्यास्पद, आणि बाकीचा डोलारा त्यावरच उभा. धुळीचे कण सिलिकेटचे नि कार्बनचे, बहुतेक पाव मायक्रॉनहून लहान. ते निळा प्रकाश जास्त अडवतात, लाल कमी. म्हणून उरलेला प्रकाश लालसर. मावळतीचा सूर्यही अशाच गाळणीने लाल होतो. पण त्याच्या वर्णपटातली सोडियमच्या काळ्या रेषांची जोडी बघा (वर्णपटदर्शक शेजारच्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे नाही). भरदुपारी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, संध्याकाळीही तिथेच. ताम्रसृतीत रेषाच सरकतात, त्याही सगळ्या एकाच पटीत. ताम्रसृती १ असेल, म्हणजे तरंगलांबी दुप्पट झाली असेल, तर हायड्रोजनची ६५६.३ ची रेषा १३१२.६ ला, ४८६.१ ची ९७२.२ ला. हे करणारी धूळ दाखवा.

दृश्य प्रकाशावर भरवसा नसेल तर रेडिओ घ्या. हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर लहरीला एवढेसे कण अडवूच शकत नाहीत. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांकडून येणारे हे क्षीण संकेत एकत्र करून मोजले. २०२० साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात ते छापून आलं. त्या दीर्घिकांची ताम्रसृती, ०.७४ ते १.४५, आधीच दृश्य रेषांवरून काढलेली होती. मूळ १४२० मेगाहर्ट्झचा संकेत प्रत्येकीच्या ताम्रसृतीप्रमाणे जिथे यायला हवा (१ असेल तर ७१० ला), तिथला तुकडा घेऊन बेरीज केली आणि संकेत उमटला. सरकणं धुळीचा खेळ असता तर बेरजेत नुसती खरखर उरली असती.

सुपरनोव्हांचं म्हणाल, तर ही शंका शास्त्रज्ञांनीच आधी काढली होती. साधी धूळ फिकेपणाबरोबर लालीही आणते, ती तपासता येते. मग रंग न बदलणाऱ्या ‘करड्या’ धुळीची कल्पना आली. तसं असतं तर जितकं दूर तितकं जास्त फिकं दिसायला हवं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला, सुमारे १.७ ताम्रसृतीचा १९९७एफएफ हा सुपरनोव्हा त्या हिशेबापेक्षा तेजस्वी निघाला.

वेबचं उत्तर एका ओळीचं: ती अवरक्तात (इन्फ्रारेडमध्ये) बघते, आणि लांब तरंगलांबीला धूळ कमी आड येते.

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. धूळ दीर्घिकांचा प्रकाश खरंच खाते. किती, ते त्याच दोन हायड्रोजन रेषांवरून कळतं. तापलेल्या वायूत ६५६.३ ची रेषा ४८६.१ च्या २.८६ पट तेजस्वी असते. मोजमाप ४ आलं, तर वायूचा दृश्य प्रकाश साधारण एका प्रतीने (प्रत हे तेजाचं खगोलशास्त्रीय माप) घटलाय, म्हणजे जेमतेम ४० टक्के पोहोचतोय. आधी मूळ ताऱ्यांच्या प्रकाशातल्या शोषणरेषा वजा करायच्या, नाहीतर ४८६.१ ची रेषा उगाच क्षीण भासते आणि धूळ फुगवून दाखवली जाते. आर्प २२० सारख्या दीर्घिकेत उलटा घोटाळा होतो. गाभ्यातला दृश्य प्रकाश बाहेरच पडत नाही, गुणोत्तर फक्त वरच्या थराचं मिळतं आणि धूळ कमी वाटते. तिथे धुळीने गिळलेली ऊर्जा दूर-अवरक्तात उष्णता होऊन बाहेर पडते, हिशेब तिथून लावावा लागतो.