तंबोरा लेडीज की जेंट्स?

आमच्या भाचरानं इन्स्टाग्रामच्या बायोत आपलं जेंडर ‘तंबोरा’ असं लिहिलंय आणि त्याचा स्क्रीनशॉट गेल्या आठवड्यापासून फॅमिली ग्रुपवर फिरतोय. ‘मग आम्ही काय पेटी?’, ‘हिचं लग्न तबल्याशी लावून टाका’, वगैरे वगैरे. बडोद्याच्या दांडियाबाजारातली माणसं आपण, टोमणे मारण्यात कुणाला ऐकणार नाही. ग्रुपवर मी काही बोलले नाही, कारण तिथे दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितेय. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

या प्रकाराला झेनोजेंडर म्हणतात. २०१४ च्या सुमारास टम्बलर या ब्लॉगांच्या साइटवर हा शब्द निघाला. बाई, पुरुष, दोन्ही, मधलं, कुठलंच नाही, यातलं काहीही म्हटलं तरी ज्यांना आपल्याबद्दल नीट सांगितल्यासारखं वाटत नाही, ती माणसं एखाद्या ऋतूचा, प्राण्याचा, रंगाचा, वाद्याचा आधार घेतात. ‘मी वाद्य आहे’ असा त्याचा अर्थ नसतो. ‘आत जे वाटतं ते याच्यासारखं आहे’, एवढंच.

आता हसणाऱ्यांना विचारते: वाद्यांना बाई-पुरुष कुणी केलं? या पोरांनी? मी घरी गाण्याचे क्लास घेते. नवा तंबोरा घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘लेडीज की जेंट्स?’ मर्दानी तंबोरा मोठ्या भोपळ्याचा, पेटीच्या काळी एक-दोनला, म्हणजे खालच्या पट्टीत लावायचा. जनानी आटोपशीर, काळी चार-पाचचा, म्हणजे वरच्या पट्टीतला. ऐन उमेदीत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाई हनगलांचा आवाज खाली उतरला, इतका की नुसतं ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्यांचा तंबोरा कुठल्या रांगेत मांडणार?

पखवाज म्हणजे मर्दानी बाज. रुद्रवीणा बायकांनी हातात धरू नये, मूल होत नाही, असं चांगली शिकलेली माणसं सांगायची. ज्योती हेगडे यांनी ती वाजवून दाखवली. आबान मिस्त्री तबल्याला बसल्या तेव्हाही काही कमी भुवया वर गेल्या नसतील. आणि हे खूळ फक्त आपलंच नाही. अमेरिकेत १९७८ साली ऍबेलेस आणि पोर्टर या दोघांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: तिथल्या लोकांच्या मते बासरी मुलींची, ड्रम मुलांचे. म्हणजे वाद्यावरून माणसाचं जेंडर ठरवणं आपल्याला बिनबोभाट चालतं. माणसानं स्वतःचं स्वतः ठरवलं की तेवढी चेष्टा.

बडोद्यात तर हे हसू मुळीच शोभत नाही. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. बालगंधर्व पदर कसा घेतात ते बघून घरोघरच्या बायका तसा घ्यायला शिकल्या. तिकीट काढून बघितलं की पचतं, घरातल्या पोरानं म्हटलं की अपचन!

आणि गुजरातेतलंच बहुचराजी? तिथलं देऊळ गायकवाडांच्याच घराण्यातल्या मानाजीरावांनी १८ व्या शतकात बांधलेलं. हिजड्यांची ती देवी. नातू झाला की त्यांची ढोलक आपल्या दारात वाजते आणि आपण हात जोडून आशीर्वाद घेतो. तिकडे कर्नाटकात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते बघा. साडी, कपाळभर भंडारा, डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली, आणि काखेत चौंडकं हे तारेचं वाद्य. तिथे वाद्य उपमेपुरतं नसतं. ते हाती आलं की माणसाचं नाव, नेसणं, नातीगोती, पोट भरण्याची रीत, सगळंच बदलतं. त्याच परंपरेतल्या मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा याच ग्रुपवर फोटो फॉरवर्ड झाला होता, खाली जोडलेल्या हातांची रांग.

भाचराला मी सरळ विचारलं, तंबोराच का? सतार का नाही, गिटार का नाही? तेव्हा मी क्लासचा तंबोरा लावत होते. पंचमाची तार झाली, जोडाच्या म्हणजे मधल्या दोन तारा मिळाल्या, खर्जाच्या म्हणजे खालच्या ‘सा’च्या तारेखाली सूत सरकवत जवारी, म्हणजे तारेचा भरदार झंकार, शोधणं चाललं होतं. एका जागी सूत बसलं आणि खर्ज एकदम उघडला. भाचरू म्हणालं, “मावशी, यात गंधाराची तार कुठेय?” म्हटलं, नसतेच. “पण ऐकू येतोय ना? तसं.”

गाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खर्जाच्या कंपनांच्या पाचपट कंपनांचा उपस्वर म्हणजे हा स्वयंभू गंधार. कुणी बांधलेला नसतो, पण तंबोरा नीट लागला की येतोच. कान तयार नसेल तर शेजारी बसूनही ऐकू येत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरानं आपल्याबद्दल इतकं नेमकं सांगितलेलं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. ‘फॅड आहे, जाईल’ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. गेलं तर गेलं. त्या वयात आपली काय काय गेली ते आठवा.

पण भाचराशी माझं एक भांडण आहेच आणि ते इथेही मांडते. त्याचं म्हणणं, तंबोरा लिहिणारं ते आणि ढोलक घेऊन दारोदार फिरणारे, लढाई एकच. मला हे पटत नाही. बायो लिहायला पैसा पडत नाही, आवडली नाही तर बदलता येते. ढोलकवाल्यांना घर सुटतं, शाळा सुटते, भाड्यानं खोली मिळत नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना तृतीयपंथी म्हणून मान्यता दिली, २०१९ साली कायदा आला, तरी ओळखपत्रासाठी अर्ज घेऊन कलेक्टरच्या दारी जायचंच. बायोवाल्यांना एका वाक्यात त्यांच्या शेजारी बसवणं मला उर्मटपणाचं वाटतं. भाचरू म्हणतं, “मावशी, पहिल्यांदा त्यांनाही असंच हसले असतील ना?” मी म्हटलं, हसले असतील, पण नुसतं हसून थांबले नाहीत, हाकलून दिलं, तुला अजून घरात जेवायला वाढतात. त्यावर त्याचं उत्तर यायचंय. सध्या परीक्षा चालू आहे.