सामायिक क्लस्टरचा समन्वयक

पुण्याला महासंगणकांचं अप्रूप नाही. १९८८ साली इथे सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था सुरू झाली, १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ महासंगणक उभा राहिला. २०२४ मध्ये पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत पाऊस-पाण्याच्या अंदाजासाठी ‘अर्क’ आला, तो ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला शंभरावर कोटी-कोटी आकडेमोडी करणारा. आमचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा (नोडांचा) ताफा, या महासंगणकांपुढे अगदीच किरकोळ. पण तो तीन संस्थांनी वर्गणी काढून घेतलाय, त्यामुळे त्याला समन्वयक लागतो. तो मी. पद सिस्टीम ॲडमिनचं, काम सोसायटीच्या सेक्रेटरीचं.

पहिली बैठक दारावरच्या पाटीसाठी झाली. तीन बोधचिन्हांपैकी डावीकडे कुणाचं? शेवटी तिन्ही गोलात लावायची असा तोडगा निघाला, आणि चहा येईपर्यंत गोलात वर कोण यावरून पुन्हा जुंपली. वीजबिलाचा विषय मात्र दोन मिनिटांत संपला. यंत्रं ज्यांच्या इमारतीत, बिल त्यांचं, यावर उरलेल्या दोघांचं तत्काळ एकमत झालं. यंत्रं जेवढी वीज खातात त्यावर एसीची वेगळी, हे बिलवाल्यांना पहिल्या उन्हाळ्यात कळलं. तेव्हापासून एप्रिल-मे आला की त्यांच्याकडून ‘सिम्युलेशनं रात्री चालवता येत नाहीत का?’ अशी विचारणा होते. येतात. दिवसाही चालतात, रात्रीही चालतात, त्यासाठीच तर घेतलाय.

खरी करमणूक रांगेची. कुणाचा जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेलं काम, आधी चालवायचा हे स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर ठरवतं. ज्याने हल्ली जास्त वापर केला तो मागे, ज्याने कमी केला तो पुढे, इतका साधा न्याय. पण तो यंत्राने केलाय यावर कुणाचा विश्वास बसेल तर शपथ.

‘अहो, माझा जॉब कालपासून पेंडिंग आहे.’

‘सर, तुमच्या ग्रुपने गेल्या आठवड्यात जवळजवळ सगळे नोड वापरले.’

‘मी कुठे वापरले? तो आमच्या लॅबमधला मुलगा.’

‘खातं ग्रुपचं आहे, सर.’

‘मग आता किती दिवस ही शिक्षा?’

‘सात दिवसांत निम्मं पाप फिटतं, सर. पुढच्या सात दिवसांत उरलेल्याच्या निम्मं.’

‘म्हणजे पूर्ण कधीच फिटत नाही?’

गणिताच्या माणसाशी बोलताना उपमा जपून वापराव्यात. सर तिथून वरच्या साहेबांकडे गेले.

आणि मग फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. तिन्ही संस्था राष्ट्रीय ज्ञान जाल या संशोधन संस्थांना जोडणाऱ्या सरकारी नेटवर्कवर आहेत, तिघांकडे सेकंदाला एक गिगाबिटची जोडणी आहे, म्हणजे तारेची तक्रार नाही. पण तारेच्या दोन्ही टोकांना एकेक फायरवॉल आणि प्रत्येक फायरवॉलमागे एकेक साहेब. पोर्ट २२, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायचा दरवाजा, उघडायचा तर लेटरहेडवर अर्ज, विभागप्रमुखांची सही, मग स्कॅन. टेकडीपलीकडच्या संस्थेने आम्हाला परवानगी दिली तोवर आमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलला होता. नव्या आयपीसाठी नवा अर्ज, कारण जुना निकाली निघाला होता.

दरम्यान एका पीएचडीच्या पोरीला १६ टेराबाइट निकाल पलीकडे न्यायचे होते आणि गाईडने तारीख दिली होती. तिने माझ्यापुढे दोन हार्ड डिस्क ठेवल्या. ‘सर, कॉपी करून द्या. माझ्याकडे ॲक्टिव्हा आहे.’

डिस्का टॉवेलात गुंडाळून डिकीत गेल्या. विद्यापीठ चौकात ती नेहमीप्रमाणे अडकली आणि तासाभराने पोचली. मी रिकाम्या वेळात हिशेब केला. एका बाइटचे आठ बिट, तेव्हा १६ टेराबाइट एका तासात म्हणजे सेकंदाला साधारण साडेपस्तीस गिगाबिट. आमच्या जोडणीवरून, ती पूर्ण वेगाने चालली असती तरी, दीड दिवस लागला असता. डिस्क भरायला गेलेला वेळ मी यात धरलेला नाही; तो धरला की ॲक्टिव्हाची बरीच शोभा जाते. पण निदान कॉपी करायला कुणाची सही लागत नाही.

पुढच्या बैठकीत हा आकडा सांगितला. मला वाटलं लाज वाटेल. ‘उत्तम, मग हीच सोय ठेवा,’ असं ठरून इतिवृत्तात नोंदही झाली.

आता पोरगी पेट्रोलचे पैसे मागतेय, आणि ते योग्यच आहे. लेखा विभागाचे बाबू म्हणाले, प्रवासखर्च शहराबाहेरच मिळतो. कुरिअरमध्ये घाला म्हटलं तर पावती कुरिअर कंपनीची हवी. नेटवर्कच्या खात्यात टाकावं, तर त्याला इंटरनेटचं बिल जोडायचं, पेट्रोल पंपाचं चालत नाही. ‘मग कशात पैसे शिल्लक आहेत?’ मी विचारलं. त्यांनी वही उलटीसुलटी केली. बैठकांच्या चहा-नाश्त्यात भरपूर होते. गेल्या महिन्यात समन्वय समितीने अडीच लिटर पेट्रोलचा नाश्ता केलाय, आणि त्या बिलावर तिन्ही संस्थांच्या सह्या एका दिवसात मिळाल्या.